पुस्तक संपवायचं, चाळायचं की सोडायचं: टप्प्याटप्प्याने ठरवायची रीत

फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसतो. परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी पानं झाडून बघावी लागतात, कारण आत काही ना काही राहिलेलं असतं. कदंब बसचं तिकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा. ही खूण बहुतेक वेळा सुरुवातीच्या पाचपन्नास पानांतच सापडते. "वाचून झालं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "वेळच मिळाला नाही."

वेळ कमी असतो हे खरंच. पण गडबड त्याच्या आधीच झालेली असते. जी पुस्तकं सावकाश संपवायची ती लोक चाळतात, जी चाळून भागतील ती पानन्‌पान वाचायला बसतात आणि जी सोडून द्यायची ती उशाशी ठेवून वर्षभर मनाला लावून घेतात. चाळणं आणि सोडणं ही दोन्ही वाचकाचीच कामं आहेत, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कोणत्या पुस्तकाला कोणतं काम लावायचं, हे वेळेवर ठरवता आलं पाहिजे. त्याचा क्रम खाली देतो. टप्पे पुढेमागे करू नका.

आधी तयारी

पहिली गोष्ट, स्वतःचा वेग मोजा. साधी कादंबरी घ्या, घड्याळ बघा, नेहमीसारखी १० पानं वाचा आणि पुन्हा घड्याळ बघा. मग एखाद्या वैचारिक पुस्तकाची १० पानं तशीच मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. समजा कादंबरीच्या एका पानाला अडीच मिनिटं लागतात. ३६० पानांच्या कादंबरीला ९०० मिनिटं, म्हणजे १५ तास झाले. आमच्याकडे पुस्तक १५ दिवसांसाठी मिळतं. रोज तासभर काढता येत असेल तर ती कादंबरी न्या. रोज ४० मिनिटंच मिळत असतील तर १५ दिवसांत १० तास होतात, तेव्हा मुदत वाढवून घ्यावी लागणार हे नेतानाच धरून चाला. हा हिशेब कुणी करत नाही, आणि मग अकराव्या दिवशी घाईघाईने पानं उलटली जातात.

दुसरी गोष्ट, वाचायची वेळ आणि पुस्तक यांची जोडी लावा. बसमध्ये कंडक्टर तिकिटाला येतो, शेजारचा उतरतो, बस गचके देते. तिथे कथा, लेख, दिवाळी अंक चालतात. बारीक विचाराचं पुस्तक तिथे उघडू नका. त्याला सकाळची वेळ द्या. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आधीचा अर्धा तास घरात कुणी हाक मारत नाही, तो अशा पुस्तकासाठी राखून ठेवा. रात्री जेवणानंतर कादंबरी चांगली चालते, पण डोळे मिटायला लागले की थांबा, कारण त्या अवस्थेत वाचलेली पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागतात.

तिसरी, एक साधी वही आणि कागदाच्या पट्ट्या. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीची रेघसुद्धा मारू नये आणि पान दुमडू नये. पट्टी लावा, तिच्यावर दोन शब्द लिहा.

चौथी, एका वेळी तीनच पुस्तकं उघडी ठेवा: एक संपवायचं, एक चाळायचं, एक तुकड्यातुकड्याने वाचायचं. चौथं आणायचं असेल तर आधी तिघांपैकी एकाचा निकाल लावा.

*तपासा:* वहीत दोन वेग, रोजचा खरा मोकळा वेळ आणि उघड्या पुस्तकांची नावं लिहून झाली का? झाली नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: कारण एका ओळीत लिहा

पुस्तक घरी आणलं की पहिलं पान उघडण्याआधी वहीत एक ओळ लिहा: हे पुस्तक मी कशासाठी घेतलं? "गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादचा कारभार कसा चालायचा ते समजून घ्यायचं आहे." "बऱ्याच दिवसांत कादंबरीत रमलो नाही." "मुलीला अभ्यासाला लागलंय, तिच्याशी बोलता यावं म्हणून." कुठलंही कारण चालतं. "सगळे वाचतात म्हणून" हेसुद्धा चालतं, फक्त ते लिहिलेलं असावं.

पुढचे सगळे निर्णय या ओळीवर बेतलेले असतात. कोमुनिदादबद्दल जाणून घ्यायला गोव्याच्या इतिहासाचा ४०० पानी ग्रंथ आणलात आणि त्यातली दोन प्रकरणं नीट वाचलीत, तर काम पूर्ण झालं. उरलेली पानं वाचली नाहीत म्हणून पुस्तक अर्धवट राहिलं असं होत नाही.

टप्पा २: वीस मिनिटांची पाहणी

पुस्तक निवडताना ही पाहणी करता आली तर उत्तम. पणजीला कामासाठी जाणं होत असेल तर पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे टेबलावर चार पुस्तकं घेऊन बसा आणि पाहून झाल्यावरच कुठलं वाचायला घ्यायचं ते ठरवा. क्रम असा:

१. मुखपृष्ठानंतरचं प्रकाशनाचं पान. पहिली आवृत्ती कधीची, ही कितवी, अनुवाद असेल तर मूळ भाषा कोणती. कायदा, आरोग्य, पैसा यांवरचं पुस्तक असेल तर वर्ष इथेच बघा. जुनं निघालं तर बाजूला ठेवा.

२. अनुक्रमणिका सावकाश वाचा. तुमच्या कारणाशी जुळणाऱ्या प्रकरणांचे आकडे वहीत घ्या.

३. प्रस्तावना लेखकाची आहे की दुसऱ्या कुणाची ते बघा. लेखकाची असेल तर पूर्ण वाचा. दुसऱ्याची असेल तर आत्ता वगळा. मराठीत प्रस्तावना लांबलचक लिहायची सवय आहे, आणि कादंबरीची प्रस्तावना तर पुष्कळदा कथानक आधीच उघडं करून टाकते. ती पुस्तक संपल्यावर वाचली तर जास्त कळते.

४. कादंबरी सोडून इतर पुस्तकांत शेवटचं प्रकरण चाळा.

५. पुस्तकाच्या शेवटी नावांची-विषयांची सूची आहे का बघा. मराठी पुस्तकांत ती बऱ्याचदा नसते. नसेल तर नंतर काही शोधणं कठीण जाईल, म्हणून पट्ट्या जास्त लावाव्या लागतील.

६. मधलं कुठलंही एक पान पूर्ण वाचा. लेखकाची भाषा तिथे खरी दिसते. पहिल्या पानावर प्रत्येक जण जपून लिहितो.

मलपृष्ठावरचा मजकूर सगळ्यात शेवटी. तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो.

*सावधान:* वीस मिनिटांच्या पाहणीला "वाचलं" म्हणू नका. तेवढ्यावर पुस्तकाबद्दल मत देणंही बरं नाही. पाहणीतून पुस्तक कशा प्रकारे वाचायचं एवढंच कळतं.

टप्पा ३: प्रकारानुसार वागणूक ठरवा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

*कादंबरी* चाळू नये. ती वाचावी किंवा सोडावी. वर्णनं गाळून, संवाद तेवढे बघून, शेवटची दहा पानं वाचून गोष्ट कळते, पण गोष्ट म्हणजे कादंबरी नव्हे. माणसं कशी बदलत गेली ते मधल्या पानांतच असतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हवी ती पानं खुशाल निवडा.

*कथासंग्रह* सगळा वाचलाच पाहिजे असं काही नाही. पहिली कथा, शीर्षककथा आणि मधली एक, अशा तीन पूर्ण वाचा. त्यातल्या दोन मनात राहिल्या तर बाकीच्या घ्या. दहा कथांची दोन-दोन पानं वाचण्याने हाती काही लागत नाही.

*कवितासंग्रह* पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमात वाचणं हा त्या कवितांवर अन्याय आहे. एका बैठकीत तीन-चार, मोठ्याने, थांबत. संग्रह संपला की नाही हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. तो "तुकड्यातुकड्याने" वाचायच्या पुस्तकाच्या जागी ठेवा आणि मुदतीची चिंता नको म्हणून शक्यतो विकत घ्या.

*नाटक* एका बैठकीत वाचा. गाठ पहिल्या अंकात पडते, सुटते शेवटी, आणि मध्ये चार दिवस गेले की कोण कुणाला काय बोललं ते विसरायला होतं. आपल्याकडे गावोगावी देवळाच्या उत्सवात नाटकं होतात, तोंडाला रंग लावलेलं कुणी ना कुणी जवळपास असतंच. दोघं-तिघं मिळून पात्रं वाटून मोठ्याने वाचली तर नाटक संपतंही आणि कळतंही.

*आत्मचरित्र* हा एकच प्रकार असा की ज्यात चाळणं आणि वाचणं मिसळावं लागतं. कुळाचा वृत्तांत, सत्कारांची वर्णनं, भेटलेल्या मोठ्या माणसांची नावं भराभर पुढे सारा. माणूस अडचणीत सापडला, निर्णय चुकला, घर बदललं, असं काही दिसलं की वेग कमी करा.

*वैचारिक, इतिहास, माहितीपर* पुस्तकं आधी चाळायची, मग त्यातली निवडक प्रकरणं वाचायची. इथे पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा हट्ट नडतो. तीस पानांत दमछाक होते आणि हवं ते प्रकरण पुढे तसंच राहतं.

*पोथी आणि संतसाहित्य* यांना रोजचा ठरलेला वाटा लागतो. दासबोधाचं सोपं आहे: २० दशकं, प्रत्येकात १० समास, एकूण २०० समास. रोज एक धरला तर सात महिन्यांच्या आत होतो. ज्ञानेश्वरीला मात्र "आठवड्याला एक अध्याय" हा बेत लावू नका. पहिला अध्याय पावणेतीनशे ओव्यांचा आहे आणि अठरावा अठराशेंच्या आसपास. शेवटी शेवटी बेत मोडतो तो याच कारणाने. ओव्या मोजा. सुमारे ९००० ओव्या आहेत. रोज २५ धरल्या तर साधारण वर्ष लागतं.

*दिवाळी अंक* संपवायचे नसतात. अनुक्रमणिकेवर पाच-सहा खुणा करा, तेवढं तुळशीच्या लग्नापर्यंत वाचा आणि अंक शेजारी द्या.

टप्पा ४: प्रामाणिक सुरुवात

हा टप्पा संपवायच्या पुस्तकांसाठी. किती पानं वाचून सोडलं तर चालतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम प्रसिद्ध आहे: ५० पानं वाचा आणि मग ठरवा. वय पन्नाशीच्या पुढे गेलं असेल तर १०० मधून वय वजा करा, तेवढी पानं पुरेत. म्हणजे ६८ वर्षांच्या वाचकाने ३२ पानं वाचून ठरवावं.

नियम चांगला आहे, पण मी त्यात दोन गोष्टी वाढवतो. एक, ६०० पानांच्या कादंबरीला ५० पानं फार थोडी. तिथे शंभरेक पानं द्यावीत. दोन, ही पानं किमान दोन बैठकींत, दोन वेगवेगळ्या वेळी वाचलेली असावीत. दिवसभराच्या कामानंतर रात्री साडेदहाला जे पुस्तक कंटाळवाणं वाटलं, तेच रविवारी सकाळी वेगळं वाटू शकतं.

आपल्या गोव्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुष्कळांच्या घरात कोकणी बोलली जाते आणि वाचन मराठीत होतं. प्रमाण मराठीची सवय असते, पण वऱ्हाडी, खानदेशी किंवा माणदेशी बोलीतली कादंबरी हातात आली की पहिली वीस-तीस पानं जड जातात. "हे काय लिहिलंय, कळतच नाही" म्हणून अशी पुस्तकं परत येतात, आणि ती नेमकी चांगली असतात. अशा वेळी पहिले संवाद मोठ्याने वाचा. अडलेला शब्द प्रत्येक वेळी शोधत बसू नका, पुढच्या वाक्यात त्याचा अंदाज येतो. कान एकदा सरावला की नेहमीचा वेग परत येतो. बोलीमुळे अडलेलं पुस्तक दुप्पट पानं दिल्याशिवाय सोडू नका.

*सावधान:* चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात जाड पुस्तक सुरू करू नका. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, पाहुणे, आरत्या यांत आठ-दहा दिवस जातात आणि नंतर कथेचा धागा सापडत नाही. जून-जुलैच्या पावसातल्या संध्याकाळी मोठ्या पुस्तकांसाठी सगळ्यात सोयीच्या.

टप्पा ५: निर्णय

ठरलेली पानं झाली. आता पुस्तक बंद करून स्वतःला तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने.

मी थकलोय का? उत्तर "हो" असेल तर आज काहीच ठरवू नका.

पुस्तक कठीण आहे की पोकळ आहे? कठीण पुस्तकात वाक्य दुसऱ्यांदा वाचलं की काहीतरी नवं सापडतं. पोकळ पुस्तकात दुसऱ्यांदा वाचूनही तेवढंच राहतं. एक परिच्छेद निवडा आणि ही परीक्षा खरोखर करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

माझं कारण अजून शिल्लक आहे का? वहीतली ओळ काढून वाचा. जे जाणून घ्यायचं होतं ते मिळालं असेल, किंवा त्याची गरजच उरली नसेल, तर पुस्तक कितीही चांगलं असलं तरी आज ते तुमचं नाही.

कठीण आहे आणि कारण शिल्लक आहे, तर संपवा. पोकळ आहे पण त्यातली माहिती हवी आहे, तर चाळा. पोकळ आहे आणि कारणही उरलं नाही, तर सोडा. निर्णय वहीत तारखेसह लिहा. "बघू नंतर" असं लिहायला परवानगी नाही. पुस्तकं वर्षभर पडून राहतात ती या एका वाक्यामुळे.

टप्पा ६(क): चाळायचं ठरलं तर

पानं भराभर उलटण्याला चाळणं म्हणत नाहीत. तांदूळ निवडताना जशी नजर सगळ्या सुपावरून फिरते पण बोट फक्त खड्यावर थांबतं, तसं हे काम आहे. वहीतलं कारण समोर ठेवा. प्रकरणाचं शीर्षक वाचा, पहिला परिच्छेद पूर्ण वाचा, मग शेवटचा. मधल्या परिच्छेदांची पहिली वाक्यं बघत जा. आकडा, नाव, "पण", "मात्र", "याउलट" असं काही दिसलं की थांबा, कारण विचार तिथे वळण घेतो. तुमच्या कारणाशी संबंध आला की वेग सोडा आणि तो भाग पूर्ण वाचा. पट्टी लावा.

पुस्तक झाल्यावर पाच ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय, आधार कोणता, मला काय मिळालं, कुठली पानं पुन्हा बघायची, कुठे पटलं नाही.

*तपासा:* घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटांत सांगा की पुस्तक काय म्हणतं. सांगता आलं नाही तर नुसती पानं उलटली गेली आहेत. अनुक्रमणिकेपासून पुन्हा सुरुवात करा.

टप्पा ६(ख): संपवायचं ठरलं तर

उरलेली पानं मोजा, मुदतीच्या दिवसांनी भागा आणि त्यातले दोन दिवस कमी धरा. घरात काही ना काही निघतंच. रोजचा वाटा पानांच्या आकड्यावर संपवू नका, प्रकरण किंवा प्रसंग संपतो तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी सुरू करताना आदल्या दिवसाचं शेवटचं पान पुन्हा वाचा.

पुस्तकं दोन ठिकाणी अडकतात. एक जागा सुरुवातीची, तिच्याबद्दल वर सांगितलं. दुसरी साधारण दोन-तृतीयांशावर. नवी पात्रं येणं थांबलेलं असतं, शेवट दिसायला लागलेला नसतो आणि तेवढ्यात दुसरं पुस्तक खुणावतं. इथे नवं पुस्तक उघडू नका. सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तासांची एक लांब बैठक काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ही खिंड एकदमच पार करा. शेवटची पन्नास पानं मग आपोआप होतात.

टप्पा ६(ग): सोडायचं ठरलं तर

वहीत तीन गोष्टी लिहा: कितव्या पानावर सोडलं, का सोडलं, पुन्हा घ्यावंसं वाटलं तर कधी. "पान ७४. भाषा आवडली, पण आत्ता आजारपणाबद्दल वाचवत नाही. पुढच्या वर्षी." हे कारण पुस्तकाच्या दोषाचं नाही, आणि असं कारण लिहिलेलं असलं तर पुढच्या वर्षी तुम्ही ते पुस्तक खरंच उचलता.

मग त्याच आठवड्यात पुस्तक घराबाहेर काढा. वाचनालयाचं परत करा, उसनं आणलेलं देऊन टाका. आणखी कुणीतरी त्याची वाट बघत असतं. पुस्तक परत देताना टेबलावर सांगा की आवडलं नाही किंवा जमलं नाही. पुढचं पुस्तक सुचवायला आम्हाला त्याचाच उपयोग होतो.

टप्पा ७: घरातला जुना ढीग

हे सगळं नव्या पुस्तकांचं झालं. कपाटावर, टीपॉयखाली, गाडीच्या मागच्या सीटवर पडलेल्या अर्धवट पुस्तकांचं काम एका दिवसात उरकतं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरातला उन्हाचा दिवस त्याला चांगला, कारण पुस्तकं तशीही बाहेर काढावीच लागतात. आपल्या हवेत चार महिने न हललेल्या पुस्तकाला बुरशी धरते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, वारा खेळेल अशा सावलीत उभी करून थोडी उघडी ठेवा. कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो आणि बांधणी सुटते.

पुस्तकं वाळेपर्यंत एकेक हातात घ्या. खूण जिथे असेल ते पान आणि त्याच्या आधीची दोन पानं वाचा. मागचं आठवत असेल तर ते पुस्तक "संपवायच्या" ओळीत जाईल. काहीच आठवत नसेल, पण वाचलेलं पान आवडलं, तर ते पहिल्या टप्प्यापासून नवीन पुस्तक समजून घ्या. आठवत नाही आणि आवडलंही नाही, तर ते जाऊ द्या. पहिल्या ओळीतून एकच पुस्तक निवडून टेबलावर ठेवा, बाकीची कपाटात. आणि या ढिगात दुसऱ्याचं नाव घातलेलं, किंवा वाचनालयाचा शिक्का असलेलं जे काही सापडेल, ते संध्याकाळी पिशवीत भरून दाराशी ठेवा, म्हणजे सोमवारी बाहेर पडताना विसरणार नाही.